डाव्या हाताची मूठ



आमच्या घरी पिस्तूल घ्यायचं ठरलं आहे. खरंखुरं, परवान्याचं, आणि तेही डावखुऱ्या हातासाठी. ही बातमी आमच्या गल्लीतून बस्तीत आणि बस्तीतून पार शिरोळ-जयसिंगपूरपर्यंत पोचली आहे. परवा एका साखरपुड्यात पंगतीला वाढता वाढता एकीनं विचारलंच, "काय वहिनी, घरात बंदूक आणताय म्हणे? आणि तुम्ही तर चौका लावणारी माणसं!" हातात आमटीची बादली असताना काय सांगणार? म्हणून आज इथं निवांत सांगते. अहिंसेचा प्रश्न तुमच्या मनात पहिला आला असेल, तो आमच्याही घरात पहिलाच आला. त्याच्यावर पुढं बोलूच. पण आधी पिस्तुलाचं सांगू दे, कारण ते न कळता त्याच्यावर बोलण्यात अर्थ नाही.

माझी धाकटी लेक नेमबाज आहे. आपल्या जिल्ह्यात कुस्तीचं कौतुक सगळ्यांना माहीत, पण नेमबाजीत कोल्हापूरचं नाव त्याहून लांब गेलंय. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला रायफलमध्ये जगज्जेती झाली. राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य आणलं. आणि मध्ये २०१८ च्या ऑगस्टमध्ये राही सरनोबतनं पालेम्बांगमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला. आमची लेक तेव्हा दहावीत होती. टीव्हीवर ते पाहिलं आणि म्हणाली, "आई, मला हे करायचंय." मी म्हटलं, "आधी दहावी कर." दहावी झाली, तर पुढच्या ऑगस्टात महापूर आला. घराची भिंत, गादी, भांडी, सगळं आवरता आवरता दिवाळी झाली, आणि त्यानंतर कुठं ती पहिल्यांदा कोल्हापूरला सरावाला गेली. कुरुंदवाडहून एसटीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. सूर्यास्ताआधी घरी पोचली नाही तर डब्यातलं बसमध्येच खाऊन घ्यायचं, असं पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

आता डाव्या हाताचं. लेक जन्मापासून डावरी. घरातल्या किती वस्तू उजव्या हाताच्या असतात हे उजव्या माणसाला कधी कळतच नाही. शिवणाची कात्री घ्या. डाव्या हातात धरली की पाती दाबली जाण्याऐवजी एकमेकांपासून फाकतात, आणि कापड कापायच्या ऐवजी मधे दुमडतं. तूप ओतायच्या भांड्याची चोच डावीकडं असते, म्हणजे उजव्या हातानं ओतायला. वाढताना आणि चौक्यात महाराजांना आहार देताना ती उजवा हातच वापरते. आज्जीनं लहानपणी शिकवलं आणि तिनं ते मनापासून धरलं, त्यात तिचा कधी हट्ट नव्हता. पण घास देणं वेगळं आणि नेम धरणं वेगळं. घास द्यायला भाव लागतो, तो कुठल्याही हातात उतरतो. नेम धरताना मात्र शेवटच्या क्षणी तर्जनीचं पहिलं पेर सरळ मागं यायला लागतं, बाकीच्या हाताला न हलवता. हे काम जन्माचा हातच करतो.

सुरुवातीला ती शिकायला गेली तिथं दोन एअर पिस्तुलं होती आणि दोन्हींच्या मुठी उजव्या. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ साधी दांडी नसते बरं का. अक्रोडाच्या लाकडाची, तळहाताच्या खड्ड्याउंचवट्यांप्रमाणं कोरलेली असते. अंगठ्याला एका बाजूला खाच, तळव्याला खालून आधाराची पट्टी. उजव्या हाताची मूठ डाव्या हातात बसतच नाही, उजवा बूट डाव्या पायात घालावा तसं होतं. तिथले शिकवणारे म्हणाले, "लहान आहे अजून, उजव्या हातानं शिकू दे. सगळं सोपं होईल." दोन महिने तिनं उजव्या हातानं केलं. गोळ्या कागदावर लागायच्या, पण कुठं लागतील याचा नेम नव्हता.

मग कुणीतरी तिला डोळ्याची चाचणी सांगितली. तुम्हीही करून बघा, मजा येते. दोन्ही हात पुढं लांब करा, अंगठे आणि तर्जन्या जुळवून मधे लहानसा त्रिकोण करा, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची एक वस्तू पाहा. आम्ही बस्तीच्या शिखराचा कळस धरला होता. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं पाहताना कळस त्रिकोणातच राहतो, तो तुमचा मुख्य डोळा. लेकीचा डावा निघाला. माझा उजवा. आणि ह्यांचा डावा, सगळं आयुष्य उजव्या हातानं काढून! असं उलटसुलट असलं तरी पिस्तुलात फारसं अडत नाही म्हणे, कारण हात पूर्ण लांब असतो, मान थोडी वळवली की डोळा साइटमागं येतो, आणि दुसऱ्या डोळ्यापुढं ३० मिलिमीटर रुंदीपर्यंतची पट्टी लावायला नियमात परवानगी आहे. रायफलला मात्र ते फार नडतं. आमच्या लेकीचा हात डावा आणि डोळाही डावा, मग तिला उजव्या हाताला बांधून ठेवायचं कशासाठी?

त्या वेळी घरात एकानं कारोली टाकाचचं उदाहरण दिलं होतं, आणि ते आहेच मोठं. हंगेरीच्या सैन्यातला हा नेमबाज उजव्या हाताचा. १९३८ साली सरावात हातबॉम्ब हातातच फुटला आणि उजवा हात गेला. त्यानं कुणाला न सांगता डाव्या हातानं सराव केला, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलं. १९५२ ला हेलसिंकीत पुन्हा घेतलं. "बघ, माणूस हात बदलू शकतो," असं आमच्याकडं तात्पर्य काढलं गेलं. मला ते पटलं नाही. त्या बिचाऱ्याकडं दुसरा हातच नव्हता. आमच्या लेकीकडं चांगला डावा हात आहे.

एअर पिस्तुलासाठी डावी मूठ पुढं मिळाली आणि पाचेक वर्षं तिची १० मीटरवर बरी गेली. आता ती बावीस वर्षांची आहे आणि २५ मीटरला उतरली आहे. राहीचाच प्रकार. महिलांचा हा प्रकार ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून आहे. एकूण ६० गोळ्या. पहिल्या ३० सावकाश, पाच-पाच गोळ्यांच्या फेऱ्या, फेरीला पाच मिनिटं. पुढच्या ३० मध्ये लक्ष्य तीन सेकंद खुलं होतं आणि सात सेकंद बंद. त्या तीन सेकंदांत हात खालून वर आणायचा, एक गोळी मारायची, परत हात ४५ अंशांपर्यंत खाली. सावकाश फेरीतल्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं, म्हणजे पाणीपुरीच्या पुरीएवढं, २५ मीटरवर.

यासाठी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल लागतं, पॉइंट टू-टू बोअरचं. पेपरात आपण 'स्वयंचलित' वाचतो आणि धडाधड गोळ्या सुटणारं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. तसं हे नसतं. चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते. त्या धक्क्यानं बोल्ट मागं सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते, आणि बोल्ट पुढं येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत ढकलतो. दुसरी गोळी हवी तर चाप पुन्हा दाबायचा. हातानं काडतूस भरायचं काम तेवढं वाचतं, बस.

आणि इथंच डावखुऱ्याची खरी अडचण सुरू होते. ही पुंगळी जवळजवळ सगळ्या पिस्तुलांत उजवीकडं उडते. उजव्या हाताचा नेमबाज लक्ष्याकडं उजवा खांदा करून उभा राहतो, त्याची छाती डावीकडं असते, त्यामुळं पुंगळी त्याच्या पाठीमागच्या बाजूला निघून जाते. डावखुरी उभी राहते डावा खांदा पुढं करून. तिची छाती उजवीकडं, म्हणजे पुंगळी उडते तिकडंच. शिवाय रांगेत सगळे एका दिशेला तोंड करून उभे असतात आणि ही एकटी शेजाऱ्याच्या समोरासमोर! सुरुवातीला तिला फार अवघडल्यासारखं व्हायचं. क्लबचं जुनं पिस्तूल घेऊन सराव करायची तेव्हा एका संध्याकाळी परत आली तर गळ्याशी लाल ठिपका. फोडणीतली मोहरी उडून चटका बसतो ना, अगदी तसा. गरम पुंगळी कॉलरमधून आत गेली होती. चटक्याचं एवढं नाही, पण तिनं दचकून हात हलवला नाही हे ती मला चार वेळा अभिमानानं सांगत होती. पिस्तूल हातात असताना दचकायचं नाही, हा पहिला धडा असतो.

तेव्हा पिस्तूल बघायचं ठरलं तेव्हा आम्ही तीन गोष्टी मनाशी धरल्या. पुंगळी कुठं उडते, मूठ बदलता येते का, आणि बटणं, खटके कुठल्या बाजूला आहेत. तीन वापरलेली पिस्तुलं पाहिली, तिन्ही ओळखीच्या नेमबाजांची, रेंजवरच, त्यांच्यासमोर. लेकीनं प्रत्येकातून पन्नास गोळ्या मारल्या. मी मागं खुर्चीवर वही घेऊन बसले होते, पुंगळ्या कुठं पडतात ते लिहायला. (तिथल्या मुलांना वाटलं मी पेपरवाली आहे.) पहिल्याच्या पुंगळ्या मागं वळून तिच्या खांद्याशी येत होत्या. दुसऱ्याच्या वर उडून कुठंही पडत. तिसऱ्याच्या मात्र पुढं उजवीकडं, हाताच्या पलीकडं, एका जागी ढीग झाल्यासारख्या. पन्नासातल्या दोनच अंगाकडं आल्या. मैत्रिणींनो, एवढी एक चाचणी दहा लोकांच्या सल्ल्यापेक्षा जास्त सांगून गेली. चष्मा, टोपी आणि बंद गळ्याचा टी-शर्ट मात्र तरीही सोडायचा नाही.

खटक्यांबद्दल लोकांनी आम्हाला फार घाबरवलं होतं. मॅगझिन सोडायचं बटण उजव्या अंगठ्याखाली असतं, बोल्ट ओढायचा कसा, वगैरे. पण या खेळात फेरी संपल्यावर पिस्तूल मोकळं करून खाली ठेवायला भरपूर वेळ असतो, आणि ती कामं ती रिकाम्या उजव्या हातानं करते. बोल्ट मागून दोन्ही बाजूंनी धरून ओढता येत असेल तर प्रश्नच नाही. माझ्या मते बटणांवर फार डोकं खर्च करू नये. सगळं लक्ष लाकडाकडं द्यावं.

लाकडाचं असं आहे. काही पिस्तुलांचं मॅगझिन मुठीच्या आत असतं, पोलिसांच्या पिस्तुलासारखं. त्यात लाकडाला जागा कमी, आणि मुठीचा आकार मॅगझिनभोवती अडकतो. पण इटलीचं पार्दिनी, जर्मनीच्या वाल्थरचं जीएसपी, फाइनवेर्कबाऊचं एडब्ल्यू ९३, स्वित्झर्लंडच्या मोरिनीचं सीएम २२, या पिस्तुलांत मॅगझिन चापाच्या पुढं असतं. मागं राहतो फक्त धातूचा सांगाडा, त्यावर लाकूड चढवलं की मूठ तयार. उजवं लाकूड काढून डावं चढवलं की तेच पिस्तूल डावं. म्हणून आमच्यासारख्यांनी मॅगझिन पुढं असलेलंच पिस्तूल शोधावं, असं आता मी ठामपणे सांगते. नवं घेताना डावी मूठ मागता येते. वापरलेलं घेतलं तर नव्वद टक्के उजवीच मिळणार, मग लाकूड वेगळं मागवायचं आणि त्याचे पैसे आधीच हिशोबात धरायचे. नुसत्या मुठीच घडवणारे कारागीर जर्मनीत आहेत. त्यांना हाताचा आकार कागदावर काढून पाठवला की त्या मापाची मूठ करून देतात.

वजनमापाचे नियम डाव्या-उजव्याला सारखेच. पिस्तूल १४०० ग्रॅमपेक्षा जड नको, चाप किमान १००० ग्रॅमचा भार पेलणारा हवा, मूठ हाताला वेढून बसता कामा नये, मनगट मोकळं दिसलं पाहिजे. स्पर्धेआधी चापाला एक किलोचं वजन लावून पिस्तूल उचलून बघतात. वजन उचललं गेलं आणि चाप सुटला नाही, तर पास. आपल्या किराण्याच्या दुकानात तराजू बघावा तसं ते दृश्य असतं.

आणि एक. रेंजच्या भिंतीवर चुका दाखवणारा एक तक्ता असतो. चापाला झटका दिला तर गोळी खाली डावीकडं जाते, असं त्यात लिहिलेलं. ते उजव्या हाताचं. डावखुऱ्याची खाली उजवीकडं जाते. लेकीनं त्या तक्त्याचा फोटो काढून मोबाइलवर आरशासारखा उलटा करून घेतला आहे. तिच्या प्रशिक्षकांनाही आता सवय झाली, "तुझ्या बाजूनं बघू," म्हणतात.

तर तिसरं पिस्तूल ठरलं, मॅगझिन पुढं असलेलं. उसाचं बिल आलं तेव्हा ह्यांनी पैसे बाजूला काढून ठेवले. आणि मग आज्जीपुढं सांगायची वेळ आली.

आज्जी म्हणजे माझ्या सासूबाई. रोज सकाळी त्यांचा स्वाध्याय असतो. एअर पिस्तूल त्यांनी चालवून घेतलं होतं, "हवेचं आहे ना, असू दे," म्हणून. आता बारुदाचं म्हटल्यावर त्यांनी रत्नकरंडक श्रावकाचार उघडून माझ्यापुढं ठेवलं. समंतभद्र आचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला एक हिंसादान. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, शस्त्र, साखळी, अशी हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. "मग ह्याला काय म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आई, त्यात कुदळही आहे. आपली कुदळ तर अर्ध्या गल्लीत फिरते."

"कुदळीनं खणतात," त्या म्हणाल्या. "पिस्तुलानं काय खणणार?"

याला लगेच उत्तर नव्हतं. मैत्रिणींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि मी तो नेलाही नाही. आपल्याकडं हिंसेचे चार भाग सांगतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. स्वयंपाकात, शेतीत, संसारात जी होते ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, पण मारायचं म्हणून मारणं, संकल्पी हिंसा, ती श्रावकानं सोडायचीच. लेक ज्याच्यावर नेम धरते तो कागद असतो किंवा इलेक्ट्रॉनिक पाटी. कुणाला इजा करायचा संकल्प त्यात नाही. उलट श्वास रोखून, मन एका काळ्या ठिपक्यावर आणून उभं राहायला लागतं. माझं मत असं, की ही हिंसा नाही. पण शस्त्र हे शस्त्रच असतं, ते उद्या कुणाच्या हाती पडेल ते आपल्या मतावर ठरत नाही, हे आज्जींचं म्हणणंही मला खोडता येत नाही.

लेकीनं तिच्या पद्धतीनं वाद घातला. श्रवणबेळगोळला गेलेल्या प्रत्येकीनं ती कथा ऐकलेली आहे: चामुंडरायानं चंद्रगिरीवरून समोरच्या डोंगरावर बाण सोडला आणि बाहुबली भगवान प्रकटले. गंग राजांचा सेनापती आणि तरी केवढा मोठा श्रावक. "आज्जी, त्यानं बाण मारलाच होता ना?"

"त्या बाणानं देव सापडला. तुझ्या गोळीनं काय सापडणार?"

"दहा गुण," लेक म्हणाली.

आज्जी हसल्या, पण विरघळल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी आपल्या अटी सांगितल्या. पिस्तूल घरात येणार नाही, देव असलेल्या घरात तर नाहीच. ते क्लबच्या शस्त्रागारात कुलपात राहील. कुणालाही, कितीही जवळचा असला तरी, उसनं द्यायचं नाही. विकायचं झालं तर खेळणाऱ्यालाच. आणि अष्टमी, चतुर्दशी आणि पर्युषणाचे दहा दिवस त्याला हात लावायचा नाही. पहिल्या तीन अटी लेकीनं लगेच मान्य केल्या, त्या तिला हव्याच होत्या. चौथीला ती गप्प राहिली. कारण स्पर्धा आपल्या पंचांगाकडं बघून ठेवलेल्या नसतात. मागच्या वर्षी एक स्पर्धा दशलक्षणातच आली होती, ती गेली नाही, आणि तेवढ्यानं पुढच्या फेरीची संधी हुकली. ती रडली नाही, पण त्या दिवशी उत्तम त्यागावरचं प्रवचन ऐकताना माझं मात्र लक्ष लागेना. यंदा काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. अष्टमी-चतुर्दशीचं तिनं कबूल केलं आहे, पर्युषणाचं आज्जी आणि ती दोघी मिळून बघणार आहेत. मी मधे पडलेले नाही.

परवान्याचं काम सुरू आहे. अग्निशस्त्राचा परवाना एकविशीच्या आत मिळत नाही. त्या वयाआधी मुलं क्लबच्या शस्त्रावर, मोठ्यांच्या देखरेखीखाली सराव करतात. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, आणि पोलीस पडताळणी. पडताळणीला हवालदार घरी आले तेव्हा अर्धी गल्ली दारात. चहा झाला. "कुणाच्या नावावर?" "लेकीच्या." "कारण?" "खेळ." त्यांनी मान डोलावली, कागद पुढं केला, आणि तिनं डाव्या हातानं सही केली तसे म्हणाले, "डावरी आहे होय? डावऱ्यांचा नेम चांगला असतो म्हणतात." असं काही नसतं. पण त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं, म्हणून आम्ही काही बोललो नाही.

मधल्या काळात आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी एक गंमत केली. लेकीच्या एअर पिस्तुलाची डावी मूठ बघून तशीच एक आंब्याच्या लाकडात कोरून दिली. ती कशावर चढत नाही, नुसती मूठच. पण रोज संध्याकाळी ती हातात धरून दहा-पंधरा मिनिटं लेक भिंतीकडं हात करून उभी राहते, तळवा कुठं दाबला जातो, अंगठा कुठं मोकळा राहतो ते बघत. दाबलं जातं तिथं पेन्सिलीनं खूण करायची आणि कानस-पॉलिश पेपरनं घासायचं. आता तिला नेमकं माहीत आहे, खऱ्या मुठीत अंगठ्याची खाच किती मागं हवी. या लाकडाला घरात यायला आज्जींची हरकत नाही.

खऱ्या मुठीचं माप मात्र कागदावर पाठवायचं होतं. हात सपाट ठेवायचा, बोटं थोडी पसरायची, आणि पेन्सिल सरळ उभी धरून कडेनं रेघ ओढायची. तळव्याची रुंदी आणि अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर वेगळं मोजून लिहायचं. डावखुऱ्या माणसाला स्वतःच्या डाव्या हाताची रेघ धड काढता येत नाही, कारण पेन्सिल धरायचा हातच कागदावर पडलेला! मी पोळ्या लाटत होते, म्हणून तिनं कागद आज्जीपुढं नेला. आज्जींनी चष्मा लावला, "बोटं ताठ ठेव," म्हणाल्या आणि काढली रेघ. करंगळीपाशी त्यांचा हात थोडा कापला, म्हणून दुसऱ्या कागदावर परत काढली. दुसरा कागद क्लबमार्फत गेला आहे. मूठ यायला दिवाळी उलटेल असं कळलंय, तोवर परवाना झाला तर ठीक.

तुमच्या घरात डावरं लेकरू असेल आणि ते नेमबाजी शिकायचं म्हणत असेल, तर पैसे घालण्याआधी कळसाची ती चाचणी करा आणि पहिल्या दिवशीच डावी मूठ आहे का ते विचारा. आणखी काही विचारायचं असेल तर बस्तीत भेटालच.

जय जिनेंद्र.